पाणकावळ्याचं निशाण

जावयाच्या हाती पालिका दिली, तर त्याने ती फ्योर्डच्या, त्या चिंचोळ्या खाडीच्या, पलीकडच्या हेल्ले गाववाल्यांच्या पदरात टाकली, आणि वर फोटोत दात काढून उभा राहिला! बोर्गहिल्डला खरा राग होता तो त्या दातांचा. रडत दिली असती तर तिने एक वेळ पोटात घातलं असतं.

तोरलाइफ हा स्कार्वोय बेटाचा शेवटचा नगराध्यक्ष. दोन पालिकांची एक झाली, नवं नाव आलं, नवं चिन्ह आलं: तीन निळ्या रेघा. "माझी कोंबडी पायाने याहून बरं काढेल," बोर्गहिल्ड म्हणाली. स्कार्वोयचं जुनं चिन्ह, पंख पसरलेला पाणकावळा, आता शहरातल्या संग्रहालयात काचेमागे बसणार होता. पुन्हा कधी वाऱ्यावर फडकणार नव्हता. त्याच्या निशाणाचा एक पंख उसवला होता, म्हणून ते आधी शिवायला बोर्गहिल्डकडे आलं.

"सासूबाई, झालं का शिवून?" तोरलाइफ सारखा विचारी.

"डोळे अधू झालेत रे बाबा."

अधू कसले! पलीकडच्या काठावर कुणाच्या खिडकीला नवे पडदे लागले, ते तिला इथून दिसे.

सतरा मे आला. राष्ट्रदिनाची मिरवणूक यंदा नव्या निशाणामागून नव्या क्रीडागृहात न्यायची, असं तोरलाइफने ठरवलं. विलीनीकरणाच्या बैठकांत रस्ते, वृद्धाश्रम, आगीचा बंब, सगळ्यांवर काथ्याकूट झाला होता. मिरवणुकीनंतर गावाने मिळून खायच्या केकचा विषय मात्र कुणी काढला नव्हता. ते काय, बायका करतातच!

"करायचे तर आहेतच," बोर्गहिल्ड फोनवर शेजारच्या आस्ताला म्हणाली. "पण ठेवायचे कुठे, हे आपल्याला कुणी सांगितलंय?"

"क्रीडागृहात ना गं?"

"मिरवणूक तिथे, म्हणाला. केकचं नाही बोलला."

आस्ताला हसता हसता ठसका लागला.

चर्चपासून मिरवणूक निघाली. पुढे तोरलाइफ, हातात तीन रेघा. मागे बँड, त्यामागे पोरंटोरं. फाट्यावर तो उजवीकडे वळला. डाव्या हाताला, जुन्या पालिकेच्या पायऱ्यांवर, बोर्गहिल्ड आणि आस्ता पाणकावळा धरून उभ्या होत्या. पंख कधीच शिवून झाला होता. उघड्या दारातून वॉफल आणि कॉफीचा वास फाट्यापर्यंत येत होता. मोठ्या ढोलवाल्याने एकदा उजवीकडे पाहिलं, एकदा नाक वर केलं, आणि ढोलासकट डावीकडे वळला. सगळा बँड ढोलामागे, पोरं बँडमागे.

निशाण धरणाऱ्याने मागे वळून पाहायचं नसतं, अशी तिथली रीत. तोरलाइफ एकटाच चढ चढत राहिला. बाजा फारच लांबून ऐकू यायला लागला तेव्हा कुठे त्याने रीत मोडली.

तो परत आला तेव्हा त्याची बायको, बोर्गहिल्डची लेक सिग्ने, सर्वांत मोठा क्रीमचा केक कापत होती.

"तूसुद्धा?" तो म्हणाला.

"मला आईच्या शेजारी राहायचंय. हेल्लेच्या नाही," सिग्ने म्हणाली आणि सुरी चाटली.

बोर्गहिल्डने छातीवरची चांदीची पिन सरळ केली.

"जावईबापू, पालिका मोडायचा हक्क तुम्हाला होता, तुम्ही मोडलीत. गाव मोडायचं तर आम्हाला विचारावं लागेल, आणि आमचं उत्तर 'नाही' असं आहे. पाणकावळा दर वर्षी फिरणार. आता त्या रेघा दाराबाहेर ठेवा, बाह्या वर करा आणि कप विसळायला लागा."