सातशे आरोळ्या आणि एक वायर

मी एक जुना स्विच आहे. दिवा लावायचा नव्हे. ऑफिसातले सगळे संगणक ज्याच्या भोकांत वायरी खोचून एकमेकांशी बोलतात, तो. मित्रांनो, सध्या मी अडगळीच्या खोलीत एका मोडक्या खुर्चीवर उताणा पडलो आहे. माझं काहीही बिघडलेलं नाही. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस भोकं शाबूत आहेत. म्हणूनच तर संताप येतो.

मी इथे आलो तेव्हा चाळीस संगणक होते, सगळे तळमजल्यावर. मला बसवणारा मिस्त्री म्हातारा होता आणि कडक होता. प्रत्येक वायरीला कागदाची पट्टी बांधून ती कुठून आली ते सुवाच्य अक्षरात लिहायचा. "हा म्हणजे ऑफिसचा घसा, याला जपा," असं येणाऱ्याजाणाऱ्याला बजावायचा. माझे हिरवे दिवे लुकलुकायचे आणि कसं हलकं वाटायचं! ते दिवस आठवले की आजही घटकाभर राग विसरतो.

आता संगणकांची एक सवय सांगतो. एखाद्याला छपाईचं यंत्र हवं असलं आणि त्याचा पत्ता ठाऊक नसला, की तो सरळ आरोळी ठोकतो, "छपाईवाले, कुठे आहात हो?" ही आरोळी मला प्रत्येक भोकातून सगळ्यांना पोचवावी लागते. प्रत्येकाला हातातलं काम थांबवून ती ऐकावी लागते. उत्तर एकच जण देतो. बाकीचे "आपल्याला नाही" म्हणून पुन्हा कामाला लागतात. चाळीस जणांत हे खपून जातं. पण ऑफिस वाढलं. पाच मजले झाले, संगणक सातशे झाले; मजल्यामजल्यावर छोटे स्विच बसले, पण त्यांच्या वायरी शेवटी माझ्याच भोकांत, आणि सगळे एकाच जाळ्यात. पाचव्या मजल्यावर कोणी हाक मारली की तळमजल्यावरचा संगणक दचकायचा. दिवसभर नुसता कालवा. साधा कागद उघडायला लोक ताटकळायचे आणि शिव्या खायचो मी. "डबडं झालंय ते," म्हणत कोणी पाठीत बुक्कीही घालायचं.

उपाय माझ्याच अंगात होता. प्रत्येक मजल्याची भोकं वेगळी मानायची, तिसऱ्या मजल्याची आरोळी तिसऱ्याच मजल्यावर ठेवायची, आणि दुसरीकडे खरंच काम असेल तेवढंच पुढे पाठवायचं. मला हे पहिल्या दिवसापासून येत होतं. विचारलं कोणी?

विचारलं एकीने. जाळ्याची देखभाल करायला कंत्राटावर एक बाई आली; सगळे तिला ताई म्हणत. तिने दोन दिवस बसून आरोळ्या मोजल्या आणि साहेबांना माझ्यासमोर आणून उभं केलं.

"मजले वेगळे करू या, साहेब. एका दुपारचं काम आहे."

"आणि माझ्या सूचना?"

साहेबांच्या सूचना हे एक प्रकरणच होतं. त्यांनी बटण दाबलं की सातशे पडद्यांवर एकदम पाटी झळकायची. कप विसळून ठेवा. जिन्यात गप्पा मारू नका. मजले वेगळे झाले असते तर ती पाटी साहेबांच्या मजल्यापुरतीच उरली असती.

"सूचना ई-मेलने पाठवा ना."

"ई-मेल वाचतं कोण, बाई? ते काही नाही. आठ दिवसांत हे सगळं वेगात चाललं पाहिजे, नाहीतर तुमचं कंत्राट संपलं असं समजा."

साहेब गेल्यावर ताई माझ्याकडे बघून पुटपुटली, "हातपाय बांधतात आणि वर पोहून दाखवा म्हणतात."

सातव्या दिवशी वरून तपासणी येणार होती. सकाळीच पाटी झळकली : "लोंबकळणारी वायर दिसता कामा नये." ऑफिसची व्यवस्था बघणारे एक काका होते, त्यांना सगळे टापटीपकाका म्हणत. साहेबांचा शब्द ते खाली पडू देत नसत. ते माझ्या खोलीत आले. माझ्या चोविसाव्या भोकातून एक वायर लोंबत होती, तिचं दुसरं टोक मोकळं होतं.

"बघा, कशी जीभ काढून बसलीय," असं म्हणत त्यांनी ते टोक माझ्याच एकतिसाव्या भोकात खोचलं, हात झटकले आणि निघून गेले.

मित्रांनो, एकाच वायरीची दोन्ही टोकं माझ्याच पोटात! आरोळी चोविसातून बाहेर पडली ती एकतिसातून आत आली. मी ती पुन्हा सगळ्यांना पाठवली, ती पुन्हा आत. एकीच्या दहा, दहाच्या लाख. अशी चूक ओळखून थांबवायची सोयसुद्धा माझ्यात होती. तीही कोणी चालू केलेली नव्हती. माझे दिवे लुकलुकायचे थांबले आणि नुसते जळत राहिले. पाचही मजले ठप्प.

ताई धावत आली. तिच्या मागे साहेब आणि काका.

"तपासणीच्या दिवशीच? मुद्दाम केलंत ना?"

"आधी वायरी उपटू द्या, साहेब. मग काय ते बोला."

तिने एकेक वायर काढली. एकतिसावी काढली आणि माझा श्वास मोकळा झाला. "ही इथे कोणी खोचली?" तिने विचारलं. खोलीची किल्ली काकांच्या हातात होती. काका छताकडे बघत होते.

"साहेब, मी आत्ता मजले वेगळे करतेय. नको असेल तर तसं लिहून द्या."

साहेबांनी लिहून दिलं नाही. पाऊण तासात काम झालं. मग काय सांगू! इतक्या वर्षांनी मला माझं स्वतःचं काम ऐकू आलं. तपासणीवाले जिना चढून येईपर्यंत सगळे मजले सुरळीत चालू होते.

एवढ्यावर हे संपायला हवं होतं. पण सकाळी ठप्प का झालं, याचं कारण त्यांना लेखी हवं होतं. माझ्यात नोंद होती : दहा वाजून बारा मिनिटं, भोक चोवीस, भोक एकतीस. ताईने ती छापून साहेबांपुढे ठेवली. साहेबांनी तिची घडी घालून खिशात टाकली आणि दुसराच कागद पुढे केला. त्यावर लिहिलं होतं, "स्विच जुना होऊन निकामी झाल्यामुळे."

"इथे सही करा. कंत्राट वाढवून देतो."

"चालत्या यंत्राला मेलं म्हणून सही करू?"

"एका डब्यासाठी नोकरी घालवताय?"

"डब्यासाठी नाही, साहेब. उद्या पुन्हा कोणीतरी अशीच वायर खोचेल, आणि काय झालं ते कोणालाच कळणार नाही."

काका तिथेच उभे होते. त्यांनी एक वाक्य बोलायचं होतं, एकच. ते टेबलावरच्या कागदांच्या कडा जुळवत राहिले.

ताईने सही केली नाही. आठवडा संपला आणि ती गेली. नवा स्विच आला. त्याच्याशेजारी उभं राहून साहेबांनी फोटो काढून घेतला. ताईने माझ्यात केलेली सगळी मांडणी मला खाली उतरवण्याआधी त्यांनी जशीच्या तशी त्याच्यात उतरवून घेतली, आणि आता लोक म्हणतात, नव्या यंत्राची कमाल बघा!

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसा, एवढंच सांगून मी थांबणार नाही. जमलं तर मला एखाद्या लहान शाळेत न्या. चाळीस संगणक मी अजून आनंदाने सांभाळीन. पण त्याआधी एक करा. माझ्यातली नोंद कोणी पुसलेली नाही. एकदा मला वीज जोडा आणि ती वाचा. वाचून झाल्यावर मात्र गप्प बसू नका.