अंबुबाईच्या अळ्या

"मावशी, गळांची नेढी बुजल्यात बघा."

महेश्वरनं प्लॅस्टिकची डबी टेबलावर उपडी केली. बारीक गळांवर बांधलेल्या पिवळट खोट्या अळ्या उजेडात घरंगळल्या. अंबुबाईनं एक उचलून डोळ्यांजवळ धरली. दोऱ्याचं वळ्यावळ्यांचं अंग, पुढं तपकिरी मण्याचं डोकं. तिला तर ती छानच वाटली.

"कुटं बुजलंय?"

"मण्याच्या वर. वार्निश आत गेलंय. दोरी कशी ओवायची मानसानं? निम्म्या अशाच हायत."

अंबुबाई सुईनं नेढं मोकळं करायला गेली. सुई दोनदा घसरली, तिसऱ्यांदा बोटात रुतली. महेश्वर खिडकीकडं बघत राहिला. बाहेर सोलापूरचं ऊन पत्र्यांवर तापलं होतं.

नवरा भिमा गेला तेव्हा ती विड्या वळायची. तंबाखूनं खोकला धरला, म्हणून महेश्वरनं हे काम घरी आणून दिलं. त्याचा मालक परदेशी गिऱ्हाइकांना मासेमारीचे गळ पुरवायचा. महेश्वरनं दिलेला नमुना तिनं बाजूला ठेवला आणि मंद्रूपच्या बाजारातून किडकी बोरं आणली. एकेक फोडून आतली अळी कशी वळवळते ते बघत बसली. "मेल्यावानी सरळ बांधून मासा फसंल व्हय? पाठीत वाकलेली पायजे," ती म्हणाली होती. बारा वर्षं ती तशीच बांधत आली. पोटी मूलबाळ नव्हतं. बांधता बांधता ती अळ्यांशीच बोलायची. दारात कुणाची चाहूल लागली की गप्प व्हायची.

"डोळ्याचं आपरेशन करून घेते," ती म्हणाली.

"दोन्ही डोळ्यांचं झालंय की. आता सुधरायचं न्हाई, म्हनला डॉक्टर. मीच न्हवतो का संगं?"

अंबुबाईनं सुई टेबलावर ठेवली.

"मालक म्हनत्यात, चिमटा घेऊन ये." गळ पकडायचा मालकाचा छोटा चिमटा टेबलाच्या कडेला आवळलेला होता. महेश्वरनं हात पुढं केला.

"थांब. मी काडते."

तिनं न बघताच स्क्रू फिरवला. चिमटा पदरानं पुसला, कागदात गुंडाळला आणि त्याच्या हातात दिला.

तो लगेच उठला नाही. खिशातून मोबाइल काढून म्हणाला, "परदेशातल्या एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकानं व्हिडिओ पाठवलाय. तुमचीच अळी लावलीय."

तिनं मोबाइल नाकाशी नेला. सगळं पांढरंफेक, मधोमध काळ्या कोटातला एक माणूस.

"हे काय मिठागर हाय?"

"तळं हाय, मावशी. गोठलंय. भोक पाडून गळ सोडत्यात."

"एकलाच बसलाय?"

"व्हय. मोबाइल समोर ठिवलाय आन् बसलाय. दिवस दिवस बसत्यात म्हनं."

तेवढ्यात गळाची काठी वाकली. म्हातारा धडपडत उठला. त्यानं मासा वर ओढला आणि मोठ्यानं हसला. कुणाला तरी दाखवायला त्यानं डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. मग मासा मोबाइलसमोर धरून तो आपल्या भाषेत काहीतरी बोलला.

महेश्वर मोबाइल परत घ्यायला लागला. अंबुबाईनं त्याचं मनगट धरलं आणि काचेजवळ तोंड नेलं.

"दिसला, बाबा," ती म्हणाली. "लई मोठा हाय."