होडीचं नाक म्हणजे बारा

बारा

होडीचं नाक म्हणजे बारा. शेपूट म्हणजे सहा. उजवा हात तीन, डावा नऊ. अँड्रॉस बेटाच्या उथळ पाण्यात मासा दाखवायचा तो असा, घड्याळाच्या आकड्यांनी, तोंडाने. बोट उचलायचं नाही. हात हलला की सावली हलते, आणि सावली हलली की बोनफिश पसार.

नाकावर आज हेझरन बूटल उभा होता, गळाची छडी हातात, पाठ ताठ. जन्मभर तो मागच्या उंच फळीवर उभा राहिला, लांब काठीने होडी ढकलत, लॉजवर मासेमारीला येणाऱ्या पाहुण्यांना मासे दाखवत. पाण्यावरच्या उन्हाने शेवटी त्याचे डोळे खाल्ले. उजेड कळायचा, मासा नाही. म्हणून आज मागच्या फळीवर त्याची मुलगी पर्लीन होती.

अट काल जेवताना ठरली. भाचा ऑर्मंड होडी मागत होता, पर्लीनही मागत होती. हेझरनने तोंडातला काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला.

"डोळसाला मासा कुणीही दाखवेल. पर्लीन, तू मला दाखव. उद्याच्या ओहोटीत एक बोनफिश माझ्या हातात आला पाहिजे. हातात. नुसता गळाला लागून चालणार नाही. आला तर होडी तुझी, काठी तुझी. नाहीतर ऑर्मंडची."

"आणि तू परत लॉजच्या स्वयंपाकघरात," ऑर्मंड म्हणाला. "तुझ्यासारखे जॉनीकेक कुणाला जमत नाहीत, हे मात्र खरं हं."

"मिळतायत तोवर खाऊन घे," पर्लीन म्हणाली आणि पावाची टोपली त्याच्यापुढून उचलली.

अकरा

"पापा, अकरा. तीन होड्यांइतकं लांब. थवा आहे, आपल्याकडेच येतोय."

"मोठे?"

"हाताएवढे. फेका!"

होडी थांबवायला तिने काठी तळाला रोवली. दोर हेझरनच्या डोक्यावरून मागे गेला, पुढे आला, आणि पिसं गुंडाळून केलेली कोळंबी आवाज न करता पाण्यावर उतरली. बघत राहावं अशी फेक. फक्त तिथे मासा नव्हता. दोराची सावली थव्यावरून सरकली आणि पाणी एकदम फाटल्यासारखं झालं. मग नुसती वाळू.

"कुठे पडली?"

"वाळूवर."

"आणि मासे?"

"अकराला होते, पापा."

"तू बोललीस तेव्हा. मी फेकलं तेव्हा?"

पर्लीनने खाली पाहिलं. काठी रोवताना होडीचं नाक डावीकडे वळलं होतं. मासे सरळच येत होते, पण अकराचा एक झाला होता.

"घड्याळ होडीला बांधलेलं असतं, बेटाला नाही," हेझरन दोर गोळा करत म्हणाला. "होडी फिरली की तेही फिरतं. ऑर्मंड हीच चूक करतो."

बाकीचं तिने ऐकून घेतलं असतं. ऑर्मंडचं नाव मात्र झोंबलं. तिने काठी काढली आणि होडी तिवरांच्या कडेने पुढे घेतली. शेपटीत विषारी काटा असलेले दोन पाकट मासे वाळूत अंग पुरून पडले होते, फक्त डोळे वर. एका कासवाने श्वासापुरतं डोकं काढलं, त्यांना पाहिलं आणि बेत बदलला.

सहा

दहा. नाही, आता साडेदहा. फेका. पडू द्या. ओढा. हळू. थांबा. मागे लागलाय. ओढा. आता लांब ओढा!

छडी वाकली. रीळ किंचाळायला लागलं. हेझरनचा चेहरा एकदम तरणा झाला.

"लागला! अगं, लागला! कुठे चाललाय?"

"सरळ बाराला. दमवा त्याला."

मासा दमला. वळला. होडीकडे येऊ लागला. आणि तेव्हाच होडीच्या मागून, तळाला चिकटून, एक पिवळट सावली निघाली. तिला घाई नव्हती.

"पापा, सहाला शार्क. होडीखालून जातोय. दोर मोकळा सोडा!"

"अगं, आता हातात येईल!"

"नाही येणार. सोडा!"

"होडी जाईल, पर्लीन."

"कळतं मला! सोडा म्हणते ना!"

हेझरनने रीळ मोकळं केलं. ओढ सुटताच बोनफिश बाणासारखा तिवरांच्या मुळांत शिरला. शार्कने दोन चकरा मारल्या आणि तो कंटाळून निघून गेला. दोर मुळांत घासून तुटला होता. हेझरन हातातला सैल दोर चाचपत बसला.

"गेला?"

"गेला. आख्खा गेला."

"अर्धा तरी हातात आला असता."

"अर्ध्यावर दिली असती होडी?"

"छे. एक म्हणालो होतो मी."

"मग उगाच बोलता कशाला? द्या इकडे, नवीन कोळंबी बांधते."

घड्याळ बंद

ओहोटी सरत आली. दूरवर बाकीच्या होड्या खोल पाण्याकडे निघाल्या. त्यातल्या एकीवरून ऑर्मंडने हात हलवला. पर्लीनने पाठ फिरवली.

"निघायला हवं," हेझरन म्हणाला. "खालची वाळू घासतेय, पायाला कळतंय मला."

रुतलेल्या होडीचं गावच्या धक्क्यावर काय होतं, ते दोघांनाही ठाऊक होतं. ती भरतीबरोबर परतली की शंख फुंकायचा आणि होडी ज्याची त्याच्या नावाने ओरडायचं. रुतवली कुणी, हे कुणी विचारत नाही. पुढचं वर्षभर ते नाव हसण्याचा विषय होतं. हेझरन बूटलच्या नावाने शंख कधी वाजला नव्हता.

पर्लीन फळीवर टाचा उंचावून पाहत होती. वाळूच्या पट्ट्यापलीकडे गुडघाभर पाण्याची एक घळ उरली होती. तिथे एक शेपूट वर आली, चांदीच्या पात्यासारखी चमकली, बुडाली. पुन्हा वर आली. मासा डोकं खाली घालून खेकडे उकरत होता.

"पापा, उतरा."

"काय?"

"होडी तिकडे जात नाही. आपण जाऊ. पाय उचलू नका, घासत चला, खाली पाकट आहेत."

"पाकट मला शिकवू नकोस. अगं, होडी रुतेल! माझ्या नावाने शंख वाजेल."

"वाजू दे. चला."

तो उतरला. डावा हात तिच्या खांद्यावर, उजव्यात छडी. दोघं मऊ पांढऱ्या चिखलातून घासत निघाले. मागे होडी हळूच एका अंगावर कलली.

वाटेत तो थांबला. आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता. "होडी नाही. मग बारा कुठे?"

 पर्लीन त्याच्यासमोर आली, दोन्ही खांदे धरले आणि त्याला माशाच्या दिशेने हळूहळू वळवलं, कपाट हलवतात तसं.

"तुमचं नाक बारा. आता हलू नका. घड्याळ तुम्हाला बांधलंय."

ती त्याच्या मागे गेली.

"बारा. दोन होड्यांवर."

फेक.

"थोडी आखूड पडली. राहू द्या. खातोय. डोकं वर काढलं त्याने. एकदा ओढा. बारीक."

त्याने ओढलं.

"पाहिलं त्याने. थांबा. थांबा. आला. आता."

त्याने लांब ओढलं.

मग घळभर पाणी उडालं. मासा एकला गेला, नऊला गेला, आणि पर्लीन ओरडत राहिली, हेझरन वळत राहिला, दोघांच्या पायांखालून खेकडे पळत राहिले. शेवटी ती गुडघ्यांवर बसली, माशाला पाण्यातच धरलं आणि बापाचे हात ओढून त्याच्यावर ठेवले.

हेझरनने तो बोटांनी वाचला. थंड अंग, काचेसारखे खवले, कल्ल्यांची धडधड. गळ काढला. ओंजळीत पाण्याखालीच धरून ठेवला, मासा सावरेपर्यंत. मग ओंजळ उघडली.

"एक," तो म्हणाला.

भरतीपर्यंत

होडी चांगलीच रुतली होती. दोघं तिच्या कलत्या काठावर बसून थंड जॉनीकेक खात होते. समोर तिवरावर समुद्री गरुड बसला होता, त्याच्याही पंजात मासा. पाणी यायला अजून वेळ होता.

"धक्क्यावर ऑर्मंड शंख घेऊन उभा असेल," हेझरन म्हणाला.

"असू दे. तुमच्या नावाने वाजणार म्हणून वाईट वाटतंय, पापा."

"माझ्या?" त्याने चाचपडत काठी उचलली आणि तिच्या मांडीवर आडवी टाकली. "होडी ज्याची, शंख त्याचा. मी कशाला ऐकून घेऊ?"

पर्लीनने काठी दोन्ही हातांनी धरली.

"आणि होडी घेताच रुतवलीस," तो तोंडातल्या घासासकट म्हणाला. "ऑर्मंडनेसुद्धा निदान आठवडा काढला असता."