बावीस नंबरचा पत्ता

"गेलं! परत गेलं!" माझी सहकारी करीमान मुदीरांच्या दारातून ओरडली. "इंजिनिअरबाई, तुझा चोर बाराच्या ठोक्याला हजर!"

मी भिंतीवरच्या वायरींच्या कपाटात डोकं घालून उभी होते. इंजिनिअर मी नाही. मी पाटबंधारे कचेरीतली टपालाची कारकून. कार्यालयात संगणक आले तेव्हा त्यांची पुस्तकं घरी नेऊन वाचायला वेळ असलेली मी एकटीच होते, एवढंच. आणि आमच्या दमिएत्ता शहरात बल्ब बदलणाऱ्यालाही इंजिनिअर म्हणतात, तेव्हा फुगून जाण्यासारखं काही नाही.

मुदीरांना, म्हणजे आमच्या मोठ्या साहेबांना, नवा संगणक आल्याला आठवडा झाला होता. रोज आठला, बाराला आणि चारला तो अडायचा आणि पडद्यावर ओळ यायची: हा पत्ता दुसऱ्या संगणकाकडे आहे. बावीस नंबरचा तो पत्ता मीच दिलेला. माझ्या यादीत तो दुसऱ्या कुणाचाच नव्हता. कार्यालयातले एकोणीस संगणक मी दोनदा मोजले. विसावा सापडेना.

"कोण आहे तो शोधा," मुदीर सकाळीच म्हणाले होते, "आणि त्याची वायर कापून टाका."

म्हणून मी एकेक वायर उपसत होते.

"आता?"

"नाही!"

"आता?"

"नाही गं! मुदीर चहा पितायत, तोवर आटप!"

नववी वायर उपसली आणि करीमानने टाळ्या वाजवल्या. "आलं! सुटलीस बाई!"

ही वायर कुठल्याच टेबलाकडे जात नव्हती. ती खिडकीतून बाहेर पडून, अंगण ओलांडून कालव्याकाठच्या खोलीत शिरत होती. पाण्याची पातळी मोजायची ती खोली. पाण्यातली पट्टी आता यंत्र वाचतं आणि थेट वरच्या कार्यालयाला कळवतं, त्यामुळे मला वाटायचं तिला कुलूप असेल.

दार उघडं होतं. आत बयूमीकाका, शर्टाची गळ्यापर्यंतची बटणं लावून, संगणकासमोर बसलेले. मागच्या रमजानआधी ते निवृत्त झाले. निरोपाच्या बसबूशाच्या दोन वड्या मी स्वतः खाल्ल्या होत्या.

"ये, इन्शिराह. बरी आलीस. बाराचं पाणी जात नाहीये आज."

"काका, तुम्ही निवृत्त झालात ना?"

"मी झालो. पाणी झालं का?" ते हसले. "घरी बसून काय भिंतीची पातळी मोजू? तुझी हाजाकाकू गेल्यापासून भिंतीही बोलत नाहीत."

संगणकाच्या कडेला पिवळी पडलेली चिठ्ठी चिकटवलेली होती. अक्षर माझंच. चार वर्षांपूर्वी मीच त्यांना पत्ता लिहून दिला होता: बत्तीस. आमच्या अरबी आकड्यांत हाताने तीन लिहिताना डोक्यावर एकच दात काढतात, आणि छापील अंकांत एका दाताचा असतो तो दोन. काकांनी जन्मभर वाचले ते पाण्यातल्या पट्टीवर रंगवलेले छापील आकडे. त्यांनी बावीस घातला.

पातळीची संगणकातली नोंदवही फक्त बत्तीसचं ऐकते. बावीसने कितीही कळवलं तरी ती काही टिपत नाही. म्हणजे चार वर्षं, दिवसातून तीनदा...

"काका, कधी काही अडचण आली नाही?"

"छे! चार वर्षांत कुणी एक शब्द विचारला नाही. काम बरोबर असलं की कोण कशाला विचारतंय?"

मला सांगायला हवं होतं. मी चिठ्ठी सोलून काढली, पत्ता बदलला आणि म्हणाले, "वर जाऊन वायर लावते. मग पाठवा."

"उशीर झाला गं."

"चालेल."

वर मुदीर दारातच उभे. "सापडला?"

"हो. माझ्या अक्षराची चूक होती. खालच्या खोलीत बयूमीकाका आहेत."

"बयूमी?" मुदीरांनी कप खाली केला. "ते अजून आहेत?"

"आहेत."

"मग वायर कापलीत ना?"

"आता तुमचा संगणक अडणार नाही, साहेब. कापायचं कारण उरलं नाही."

त्यांनी खांदे उडवले आणि ते आत गेले. मी नववी वायर जागेवर बसवली.

नोंदवही माझ्याच खोलीतल्या संगणकात असते. चार वर्षांत मीही ती कधी उघडली नव्हती. आता उघडली. तारखा आपोआप पडलेल्या आणि प्रत्येक तारखेपुढे तीन रिकामे चौकोन. मी वर वर सरकवत गेले, चौकोन संपेनात. पुन्हा खाली येऊन शेवटच्या ओळीवर थांबले.

थोड्या वेळाने आकडे उमटले. दोनशे एक्केचाळीस सेंटिमीटर. त्यापुढे, शेऱ्याच्या जागी, काकांनी एका बोटाने टिपलेलं असणार:

"चाळीस मिनिटं उशीर झाला. क्षमा असावी. पुन्हा होणार नाही."