एकोणीस दुकानांपलीकडची शालूबाई

दुकानापुढे गाडी लावणाऱ्याशी ज्याचं कधी भांडण झालं नाही, असा दुकानदार कोल्हापुरात दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही. 'पावणं, गाडी काढा की,' यानं त्याची सकाळ सुरू होते आणि 'रस्ता काय तुमच्या नावावर हाय व्हय?' हे ऐकून संध्याकाळ होते. गिऱ्हाईक येवो न येवो, हा कार्यक्रम रोजचा.

अमरसिंहचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान शहराच्या ऐन मध्यावरच्या अशाच एका पेठेत होतं. बारा फुटांचं दुकान आणि मागच्या दोन खोल्यांत घर. पेठेत त्या बाजूला ओळीनं एकोणीस दुकानं आणि त्यातलं पहिलं अमरसिंहचं. त्यानंही वर्षानुवर्षं भांडून पाहिलं, पाट्या लावल्या, साखळी बांधली. शेवटी तीन वर्षांपूर्वी त्याच्या डोक्यातून एक नामी कल्पना निघाली. विहिरीत उतरवतात तशा सिमेंटच्या मोठमोठ्या गोल कड्या आणायच्या, त्या फुटपाथवर ओळीनं बसवून खालून सिमेंटनं पक्क्या करायच्या आणि त्यांत झाडं लावायची. झाडं तरी कसली? बोगनवेल आणि निवडुंग! गाडी लागणार नाही, भाजीवाली बसणार नाही, कुणी टेकणारही नाही. वर शोभा ती शोभा. झाडाला नावं ठेवायला कुणाची जीभ उचलते?

व्यापारी मंडळाचा तो सचिव. उन्हातान्हात दारोदार फिरला, एकेकाची मनधरणी केली आणि एकोणीसच्या एकोणीस दुकानांपुढे कड्या बसवून घेतल्या. वर्षभरात पेठ अशी गुलाबी झाली की वर्तमानपत्रात फोटो आला. कुठल्याशा स्पर्धेची 'हिरवी पेठ' म्हणून ढालही मिळाली. ती त्यानं काउंटरमागे, देवाच्या फोटोशेजारी टांगली.

खरं म्हणजे फुटपाथच्या आत प्रत्येक दुकानापुढे स्वतःच्या मालकीची तीन फूट जागा होती. झाडं तिथंही लावता आली असती. पण तिथं घागरी, हंडे, धान्याची पिंपं मांडायची असतात ना! आपली जागा आपल्या मालाला आणि झाडं लोकांच्या वाटेत, असा तो हिशेब. त्यात काही चुकतंय हे कुणालाच दिसलं नाही, कारण दुकानदार आपल्या पेठेतून चालत कधी जातच नाही.

मग अमरसिंहची आई, चौऱ्याहत्तर वर्षांच्या धोंडुबाई, न्हाणीत घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन होऊन आत सळी बसली. डॉक्टरांनी घरी सोडताना अमरसिंहला बाजूला घेऊन सांगितलं, "वॉकर धरून रोज दोन वेळा सपाटीवरनं चालवा. चालल्या तर चालत्या राहतील. बसल्या तर अंथरूण धरतील."

धोंडुबाईंना कुणी चालायला सांगायची गरजच नव्हती. त्यांना जायचं होतं ते शालूबाईकडे. पेठेच्या दुसऱ्या टोकाला, एकोणिसाव्या दुकानापलीकडे, पिठाच्या गिरणीशेजारी शालूबाईचं घर होतं. दोघी गडहिंग्लजकडच्या, एका गावच्या, एकाच उन्हाळ्यात लग्न होऊन या पेठेत आलेल्या. गेली पन्नासएक वर्षं रोज संध्याकाळी धोंडुबाई तिकडे जायच्या, लसूण सोलत बसायच्या आणि दिवेलागणीला परत यायच्या. आता शालूबाईच्या हृदयानं दगा दिला होता. ती खाटेवर होती. कानानं ऐकू येत नव्हतं, म्हणून फोनचाही उपयोग नव्हता.

"अमर, मला शालीकडं जायचं हाय. मी चालत जातो," धोंडुबाई म्हणाल्या.

पहिल्या दिवशी मायलेक मोठ्या उमेदीनं निघाले. फुटपाथ पाच फुटांचा. त्यात अडीच फुटांची कडी आणि तिच्याबाहेर झेपावलेल्या काटेरी फांद्या. उरलेल्या जागेत दुकानांचा माल सांडलेला. वॉकर होता दोन फूट रुंद आणि वाट दीड फूट. स्वतःच्याच दारातून आईला पुढे नेता येईना! अमरसिंहनं तिला कसंबसं फूटभर खाली, रस्त्यावर उतरवलं. चार पावलं टाकली नाहीत तोच मागून एका मोटारसायकलवाल्यानं कर्कश हॉर्न दिला आणि कोपराला चाटून गेला. धोंडुबाईंनी वॉकर दाराकडे वळवला.

"आत चल," त्या एवढंच म्हणाल्या.

स्कूटरवर सळीमुळे बसता येत नव्हतं. रिक्षात पाय उचलून चढायला डॉक्टरांची अजून मनाई होती. चाकाच्या खुर्चीला तर वॉकरपेक्षाही जास्त जागा लागत होती. दोघांनी खुर्चीसकट उचलून न्यायची गोष्ट काढली, तेव्हा धोंडुबाई कडाडल्या, "माझी मिरवणूक काढतोस व्हय भर पेठंत? शाली बघंल तर काय म्हणंल! माझ्या पायांनी जायचं हाय मला." आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. चार दिवस त्या दारापर्यंतही आल्या नाहीत. डॉक्टरांचं वाक्य अमरसिंहच्या कानात घुमत होतं. आईचे पाय दिवसादिवसाला बारीक होताना त्याला दिसत होते आणि करण्यासारखं काही सुचत नव्हतं.

पाचव्या दिवशी भाऊसो कांबळे कुकरची रिंग घ्यायला आले. भाऊसो म्हणजे या पेठेचे जुने पोस्टमन. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण अजून कोण कुठं राहतो हे त्यांना पत्त्यासकट पाठ. अमरसिंहनं त्यांच्यापुढे मन मोकळं केलं आणि सवयीप्रमाणे सगळा राग महापालिकेवर काढला.

"महापालिकेनं फुटपाथ दिलाय की, बाबा," भाऊसो शांतपणे म्हणाले. "चांगला पाच फुटी हाय. एकतीस वर्षं ह्याच्यावरनं चिठ्ठ्या वाटल्यात मी. आज वाटायच्या म्हटलं तर मला रस्त्यात उतरल्याबिगर गत्यंतर न्हाय. कुणी अडवलंय ते बघ की."

"मग काय झाडं तोडू व्हय, काका?"

"झाडं तोडायला कोण सांगतंय? उन्हाचं चालणाऱ्याला सावली लागतीच. पर झाडाची जागा भिंतीकडं, अन् माणसाची जागा मधी. तुझी स्वतःची तीन फूट जागा हाय. तिथं पिंपं रचलीस. पिंपं आत घे, कड्या तिथं आण. काट्याचं काढ, मऊ पानाचं लाव. वेल दारावर चढीव, म्हंजे खालची जागा अडायची न्हाय. दोन कड्यांच्या मधी बसायला फरशी टाक. थकलेलं माणूस घटकाभर बसंल, तुझं दुकान बघंल. झाड लावावं, ते माणसाला जवळ बोलवायला. तू लावलंस ते हाकलायला."

अमरसिंहला ते झोंबलं. "पण मी एकट्यानं करून काय होणार, काका? बाकीची अठरा दुकानं?"

"कड्या बसवताना एकट्यानंच सुरू केलंतंस की. तवा इचारलंतंस काय हे?" भाऊसोंनी रिंग पिशवीत टाकली आणि ते निघून गेले.

सुट्टीच्या दिवशी अमरसिंहनं पहार घेतली. तीन वर्षांत सिमेंट असं घट्ट बसलं होतं की अर्धा दिवस गेला. निवडुंग उपटताना हाताला जागोजागी काटे रुतले. पिंपं आत गेली, कड्या भिंतीलगत आल्या. एकीत जाईचा वेल, एकीत तगर. मधे काळी फरशी. संध्याकाळी त्यानं आईला हाताला धरून बाहेर आणलं. धोंडुबाईंनी वॉकर टेकवत टेकवत पावलं टाकली. तोंडावर हसू आलं. बारा फूट झाले आणि शेजारच्या संयोगिताच्या मॅचिंग सेंटरपुढली कडी आडवी आली.

"एवढंच व्हय?" धोंडुबाईंनी विचारलं.

अमरसिंहनं वॉकर घराकडे वळवून दिला.

त्यानं मंडळाची बैठक बोलावली. चहा पाजला, हात जोडले. संयोगिताच्या पलीकडल्या मोबाईलच्या दुकानाचा राजवीर उसळला, "दादा, कमालच करता! तुमीच दारोदार फिरून लावायला लावलासा. आमी नको म्हणत हुतो. आता झाडं मोठी झाली तर काढा म्हणता? कड्या आत घेतल्या की माझ्या दारात लगेच धा गाड्या लागत्यात. मग त्या काढायला तुमी येणार काय?"

"फुटपाथवर गाडी लागली तर आपण सगळे मिळून हटकू की," अमरसिंह म्हणाला.

संयोगितानं मवाळपणे सांगितलं, "दादा, आत्त्यांसाठी वाईट वाटतंय हो. पर माझा माल बाहेर टांगलेला असतोय. तो दिसला न्हाय तर गिऱ्हाईक आत येतंय कशाला? बघू की दिवाळी झाल्यावर."

मग सगळेच 'बघू की' म्हणाले. आपल्याकडे 'बघू'चा अर्थ काय असतो ते तुम्हांआम्हांला सांगायला नको. अमरसिंहला दुसऱ्याचा रागही धड करता येईना. प्रत्येक शब्द त्यानंच तीन वर्षांपूर्वी त्यांना पढवलेला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच!

धोंडुबाईंनी मात्र त्या बारा फुटांचं सोनं केलं. रोज सकाळ-संध्याकाळ त्या वॉकर घेऊन बाहेर यायच्या. बारा फूट तिकडे, बारा फूट इकडे. पेठ बघत राहायची. एकदा अमरसिंहनं विचारलं, "आई, किती येरझाऱ्या घालतीस?"

"शालीच्या दारापातूर जेवढी पावलं हुतील तेवढी," त्या म्हणाल्या. "पाय तयार ठेवायला नकोत व्हय? वाट झाली की निघायचं."

ते ऐकून अमरसिंह आत गेला आणि भांडी पुसत बसला. बाहेर जाऊन तिच्याकडे बघायचं धाडस त्याला झालं नाही.

दिवाळी होऊन गेली. कड्या जागच्या जागी होत्या. मार्गशीर्षातल्या एका सकाळी गिरणीवरून निरोप आला की शालूबाई गेली.

अमरसिंह मागच्या खोलीत जाऊन आईला सांगून आला. तिला खांद्याला धरून, वेळ पडली तर उचलून न्यायचं त्यानं ठरवलं होतं. तो चपला घालेपर्यंत धोंडुबाई एकट्याच वॉकर घेऊन निघाल्या होत्या. बारा फूट झाले. त्या थांबल्या नाहीत. वॉकर तिरका करून संयोगिताच्या कडीजवळून त्यांनी अंग आत घातलं आणि तिथंच अडकल्या. वॉकरचा पाय कपड्याच्या स्टँडमध्ये रुतला, लुगड्याचा पदर बोगनवेलीच्या काट्यांत गुंतला. पुढे जाता येईना, मागे येता येईना. अमरसिंह धावला. काटे सोडवायला लागला, तर पदर टरकला. संयोगिता दुकानातून बाहेर आली आणि तोंडावर हात धरून उभी राहिली. धोंडुबाईंचा दंड काट्यांनी रक्ताळला होता आणि त्या समोर गिरणीकडे बघत होत्या.

तेवढ्यात तिकडून माणसं येताना दिसली. उशीर झाला होता. शालूबाईला घेऊन निघाले होते.

पेठेतली सगळी माणसं उठून उभी राहिली. शटर निम्मी खाली आली. शालूबाईच्या थोरल्या मुलानं लांबूनच धोंडुबाईंना पाहिलं. विसाव्याची जागा पुढच्या चौकात होती. पण तो खांदेकऱ्यांना काहीतरी बोलला आणि त्यांनी तिरडी धोंडुबाईंच्या समोर, रस्त्यावरच टेकवली. मागे गाड्यांची रांग लागली. आज कुणी हॉर्न दिला नाही.

काट्यांतून सुटलेल्या धोंडुबाई फुटपाथच्या कडेला उभ्या होत्या. संयोगिताच्या दोन कड्यांच्या मधून, फूटभर उंचावरून त्यांना मैत्रिणीचा चेहरा दिसत होता. खाली उतरायला पाय धजत नव्हता. त्यांनी हात लांब केला, तो पोचला नाही.

"शाले," त्या म्हणाल्या, "मी येणार हुतो गं. रोज निघत हुतो. वाटच न्हवती!"

सगळ्या पेठेनं ते ऐकलं. राजवीरनं मान खाली घातली. अमरसिंहला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. आईचं हाड मोडलं ते न्हाणीत, पण तिची वाट मोडली ती मी, हे त्याला त्या क्षणी लख्ख कळलं. कळून काय उपयोग! खांदेकऱ्यांनी तिरडी उचलली आणि पेठ ओलांडून ती माणसं निघून गेली.

दुपारी शटर उघडली तेव्हा संयोगिता अमरसिंहकडे आली. "दादा, पहार हाय न्हवं तुमची?" असं म्हणून तिनं ती नेली. बाहेर टांगलेल्या कापडांचा स्टँड तिनं स्वतः ओढून आत घेतला. दोन दिवसांनी राजवीर भाऊसोंना विचारायला गेला, की सावलीला कुठलं झाड बरं. अमरसिंहनं ती ढाल भिंतीवरून काढली. ती टांगलेली बघायची त्याला लाज वाटत होती.

आज एकोणिसांतल्या सहा दुकानांपुढे वाट मोकळी आहे. तीही सलग नाही. तीन इथं, दोन तिथं, एक पार टोकाला. बाकीचे अजून 'बघू' म्हणतात. अमरसिंह आठवड्याला एका दारात जाऊन बसतो, बोलणी खातो, परत येतो. लावताना मनधरणीनं का होईना, लोकांनी ऐकलं होतं. काढताना ऐकत नाहीत, हे दुःख त्याचं त्यालाच ठाऊक. धोंडुबाई आता तीन दुकानांपर्यंत चालतात आणि राजवीरच्या दारातल्या फरशीवर बसून परत फिरतात. येरझाऱ्या मोजायच्या त्यांनी सोडून दिल्या आहेत.

तर मंडळी, आपल्या दारात झाड जरूर लावा. ऊन वाढतंय, सावली हवीच. पण लावण्याआधी घरातल्या सगळ्यात थकलेल्या माणसाला त्या जागेवरून एकदा चालवून बघा. ते माणूस सुखानं गेलं तर झाडाची जागा बरोबर आहे, असं समजा. आपल्या दारावरून चालणारं प्रत्येक माणूस कुणाकडे तरी निघालेलं असतं, आणि तिकडे पोचायला त्याच्या हातात किती दिवस उरलेत, हे आपल्याला ठाऊक नसतं.