तासाला साठ अंश वळणारी गौर

"फरी! माताजी फरी!" वळली, माताजी वळली, असं नयनाबेन गुजरातीत किंचाळल्या आणि शंभर-सव्वाशे माणसं एकदम जमिनीला टेकली.

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या त्या दिवाणखान्यात खरं म्हणजे पन्नास माणसंही मावत नाहीत. उरलेली जिन्यात, ओट्यावर, खिडकीच्या गजांना लटकलेली. रस्त्यावर चपलांचा ढीग, आणि त्या ढिगातून वाट काढणारे स्कूटरवाले आईबहिणीवरून बोलत चाललेले. आत समोर उभी गौर. पितळी मुखवटा, हिरवी पैठणी, नाकात टपोरी नथ. तीन वाजता भजन सुरू झालं तेव्हा तिचं तोंड खिडकीकडे होतं. साडेचारला ते दाराकडे होतं. मधला दीड तास सगळ्यांचे डोळे तिच्यावर, आणि एकालाही ती हलताना दिसली नाही. चमत्कार तो हाच.

"बघाल तर हलणार नाही!" पुढे आसनावर बसलेल्या योगिनीबाई बजावत होत्या. "शंकेखोराला आई पितळ आहे, भक्ताला आई आई आहे. डोळे मिटा, टाळ धरा. ज्याच्याकडे वळेल त्याचं दुखणं ती घेईल. डॉक्टर कापतो, आई विरघळवते!"

"विरघळवते!" सव्वाशे माणसं म्हणाली.

मी मागच्या भिंतीला, तिपाईवर कॅमेरा लावून उभा होतो. १९९८ सालचा माघ महिना. या घरात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाय ठेवला. हे वाक्य लक्षात ठेवा. माझा गुन्हा त्याच वाक्यात आहे.

आपल्याकडे गौरी तीन दिवसांच्या. येतात, जेवतात, जातात. तिसऱ्या दिवशी मुखवटा जरासा हलवायचा, म्हणजे निरोप झाला. बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांत आजही हे नेमाने होतं. त्याआधीच्या भाद्रपदात योगिनीबाईंच्या घरी मुखवटा दाराकडे हलवला, आणि आरती, फराळ होईतो तो परत घराकडे वळला. "लेक म्हणते, सासरी जायचं नाही," योगिनीबाईंनी हंबरडा फोडला. गल्लीतल्या झाडून सगळ्या बायका रडल्या. माहेर सोडताना उंबऱ्यात अडलेला पाय कुठल्या बाईला आठवत नाही? तीन दिवसांची गौर राहिली. दसरा गेला, दिवाळी गेली, संक्रांत गेली. गौर उभीच, वळतेच आहे.

आता माझ्या बायकोविषयी. मोहना. श्रावणात तिच्या छातीत गाठ लागली. तुकडा तपासला. डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढून मला सांगितलं, "कॅन्सर आहे, पण लवकर हाती लागलाय. पंधरा दिवसांत काढू. बाई म्हातारी होईल आणि तुम्हाला बोलणी ऐकवेल." मोहना म्हणाली, गौरी-गणपती होऊन जाऊ देत. त्यानंतरच्या सोमवारची तारीख ठरली.

त्याच्या आदल्या शुक्रवारी ती वहिनींबरोबर ही न गेलेली गौर बघायला गेली. गौर तिच्याकडे वळली.

"अहो, माझ्याकडे बघत होती," घरी येऊन ती म्हणाली. तोंडावर असा उजेड की मी आधी घाबरलो. "योगिनीबाईंना मी काही सांगितलेलंसुद्धा नव्हतं. त्या म्हणाल्या, काळजाजवळ काहीतरी घट्ट झालंय, आई ते मोकळं करतेय. माहेरी आलेल्या लेकीला कापायला पाठवू नका."

मी काय केलं? भांडलो. भाषण दिलं. मांजलपूरच्या आमच्या दोन खोल्यांत मी विज्ञानावर इतकं बोललो की खालच्या मजल्यावरचे सुभानराव सांगायला आले, "वसंतराव, विज्ञान जरा हळू." मी तिला मूर्ख म्हणालो. देवीला पितळेचं डबडं म्हणालो. सोमवार गेला, पुढचा गेला. "चला, मी येतो, बघू दे मला ती गौर," एवढंच काय ते म्हणालो नाही. असल्या घराची पायरी मी चढत नाही, हा माझा तोरा होता.

पाच महिने गेले. मग एके दिवशी मोहना म्हणाली, "मला आता तिथे दीड तास बसवत नाही. पाठ फार दुखते. तुम्ही जाऊन कॅसेट काढून आणाल? मी पडल्या पडल्या बघेन."

म्हणून मी गेलो. बायकोने आशेसाठी नव्हे, पाठीसाठी धाडलं म्हणून गेलो.

आणि दारातच मला दिसले योगिनीबाईंचे यजमान, प्रतापसिंहराव. मला बघताच ते चहाचा कप तसाच ठेवून आत नाहीसे झाले. हा माणूस मी ओळखत होतो. माझं कॅमेरा-व्हीसीआर दुरुस्तीचं दुकान आहे. शाळा नववीपर्यंत, बाकीचं बिघडलेल्या मशीनांनी शिकवलं. आषाढात प्रतापसिंहराव माझ्याकडे कॅमेऱ्याचं एक मोटारवालं डोकं घेऊन आले होते. तिपाईवर बसवायचं, वर कॅमेरा ठेवायचा, वायरच्या टोकाची बटणं दाबली की डावीकडे-उजवीकडे फिरतं, वर-खाली झुकतं. लग्नात वापरतात.

"वसंतराव, हे फार भरभर फिरतं. मला सूरसागर तळ्यावरचे ढग घ्यायचेत. तासन्‌तास. हे इतकं हळू करा की फिरतंय हे कळूच नये."

मला काय आनंद झाला! लग्नातल्या पंगती सोडून बडोद्यात कुणाला तरी ढग घ्यायचे होते. नुसती वीज कमी केली तर मोटार अडते. म्हणून जुन्या टेपरेकॉर्डरमधली दोन दातेरी चाकं मध्ये घातली, आणि मोटारीला सलग वीज न देता थेंबाथेंबाने देणारं सर्किट जोडलं. एका छोट्या चाकाचा दात तुटलेला होता. तो मी पितळ जोडून, कानशीने घासून हाताने केला. जरा जाड राहिला. दर पंधरा अंशांना तो आला की डोकं किंचित अडायचं, मग टुणकन पुढे जायचं. बाकी काम झकास. मिनिटाला एक अंश. घड्याळाचा तासकाटा याच्या निम्म्या वेगाने जातो. तो हलताना कुणाला दिसलाय? असे तासन्‌तासांचे ढग मिनिटाभरात पळवून दाखवायचे तर दर अर्ध्या मिनिटाला फक्त अर्धा सेकंद चित्र घ्यावं लागतं. ती सोय असलेला कॅमेरा मी त्याच नादात स्वतःसाठी घेतला.

आता तोच कॅमेरा माझ्यापुढे होता, आणि यजमान आत लपले होते. मी अर्ध्या मिनिटाची कळ दाबली.

घरी येऊन कॅसेट लावली. मोहनाने उशीला टेकून हात जोडले. दीड तासाचं भजन दीड मिनिटाचं होऊन सुरू झालं. माणसं मुंग्यांसारखी वळवळत होती, टाळ थरथरत होते, आणि मधोमध गौर खिडकीकडून दाराकडे सरसर फिरत होती. फिरली, अडली, टुणकन उडाली. फिरली, अडली, टुणकन.

मोहना आधी हसली. खरंच हसली. "अय्या, आपल्या टेबलफॅनसारखी!"

मग तिचे जोडलेले हात हळूहळू सुटले.

"परत लावा."

मी परत लावली. तो अडणारा दात मी टीव्हीच्या काचेवर बोट ठेवून दाखवला. माझी कानस, माझा दात. पितळी मुखवट्याखाली माझं मशीन होतं.

"आवाज कसा येत नाही?"

"टाळ कशाला आहेत?"

"थांबवतं कोण?"

"योगिनीबाईंच्या आसनाखाली वायर असणार. बटण पदराखाली."

मग तिने तो प्रश्न विचारला, ज्याला मी घाबरत होतो. "तिथे दीडशे बायका होत्या. माझ्यावरच का थांबवली? माझं दुखणं त्यांना कळलं कसं?"

खोटं बोलता आलं असतं. नाही बोललो. "श्रावणात प्रतापसिंहराव मशीन न्यायला आले होते. माझा चेहरा उतरलेला. काय झालं म्हणून त्यांनी विचारलं. मी सांगितलं. कुठे गाठ, कधी ऑपरेशन, सगळं."

"म्हणजे मशीन तुमचं, निरोपही तुमचा."

"हो."

"आणि मी तुमचं सोडून सगळ्यांचं ऐकलं," ती म्हणाली. मग पाय खाली सोडले. "टीव्ही उचला. मी पण येते."

दुसऱ्या दिवशी दुपारी रिक्षात टीव्ही मांडीवर, व्हीसीआर पायाशी, मोहना माझ्या खांद्याला. शेजारच्या शिंप्याने वीज दिली. ओट्यावर टीव्ही लावला. आत भजन, बाहेर गौर टेबलफॅनसारखी फिरतेय. पोरं खिदळली. बायका बाहेर आल्या. टाळ थांबले.

"काय लावलंय हे?" योगिनीबाई दारात आल्या. "कॅमेऱ्यात आई अशीच दिसणार! शंकेखोराचा कॅमेरा!"

"कॅमेऱ्याला शंका नसते, बाई," मी म्हणालो. "त्याला फक्त सवड असते."

नयनाबेननी माझा हात धरला. कळवळून धरला, रागाने नव्हे. "वसंतभाई, मशीन तमारुं हशे. पण फेरववावाळी तो माताजी ज ने?"

मशीन तुमचं असेल, पण फिरवणारी माताजीच ना, म्हणे! मी ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात मोहना मला बाजूला सारून आत गेली.

तिला वाट सगळ्यांनी दिली. किती वाळली होती. ती गौरीसमोर गेली, आधी वाकून नमस्कार केला, मग गौरीच्या पदराची टाचणी काढली, खांद्यावरचा पदर सोडला, निऱ्या सोडल्या. पैठणी खाली आली. आत लोखंडी स्टँड, त्यावर माझं ते मोटारवालं काळं डोकं, त्यातून निघालेली वायर गालिच्याखालून थेट आसनापर्यंत. मोहनाने आसन उचललं. बटणं होती. तिने एक दाबलं. टाळांशिवाय पहिल्यांदाच सगळ्यांना ते ऐकू आलं: कुर्र... कुर्र... कुर्र...

प्रतापसिंहराव आतून आले. "वसंतराव, आम्ही गंमत म्हणून केलं हो. पहिल्या दिवशी लोक पाया पडले. आजोबा दरबारात मानकरी होते आमचे. त्यानंतर या ओट्यावर कोण चढत होतं? मग थांबताच येईना. पण ऑपरेशन करू नका असं आम्ही कधी..."

"कापायला पाठवू नका, असं म्हणालात," मोहना त्यांच्याकडे न बघता म्हणाली. "मला पाठ आहे ते."

मग तिने मुखवटा दोन्ही हातांत धरला आणि मशीनवरून अलगद सोडवला. मला वाटलं आपटते आता. तिने तो पदराने पुसला आणि दाराकडे किंचित हलवला. भाद्रपदात हलवतात तसा.

"जा बाई," ती म्हणाली. "माहेर पुष्कळ झालं."

नयनाबेन रडायला लागल्या. योगिनीबाई भिंतीला टेकल्या. मी मशीन उचललं. तळाला माझ्या हाताने कोरलेलं 'व' होतं.

डॉक्टरांनी नवे फोटो उजेडावर धरले, पण या वेळी खुर्ची पुढे ओढली नाही. मणक्यापर्यंत गेलं होतं. "श्रावणात हे नव्हतं," एवढंच म्हणाले. चैत्रगौर बसायच्या चार दिवस आधी मोहना गेली. शेवटच्या आठवड्यात तिने ते मशीन मागवून घेतलं, उशाशी ठेवलं आणि बटण दाबून बघत राहिली. "हलतंय, पण दिसत नाही," म्हणाली. "आतही असंच चाललं होतं, नाही?"

आता मी तुम्हाला सांगतो, आणि गोड करून सांगत नाही.

योगिनीबाई लबाड होत्या. पण लबाडाला लागतो डोळे मिटणारा. तिथे सव्वाशे होते, आणि मांजलपूरला घरी बसलेला एक मी होतो. त्यांनी न बघता हात जोडले, मी न बघता हसलो. पाचातला एक महिना जरी मी भाषण सोडून त्या दिवाणखान्यात जाऊन बसलो असतो, तर पहिल्याच अडण्याला माझा दात मी ओळखला असता. बायकोला मूर्ख म्हणायला अक्कल लागत नाही. तिच्या शेजारी बसून, घड्याळ लावून, साडी उचलून बघायला लागते.

गौरी बसवा. कोण नको म्हणतंय? निरोपाच्या दिवशी निरोप द्या. पण देव काय करतो ते सांगणारा "डोळे मिटा" म्हणाला की उघडे ठेवा. आणि अंगात गाठ लागली तर तारीख लिहून ठेवा, दवाखान्यात जा, दिलेल्या दिवशी टेबलावर झोपा. ती विरघळत नाही. ती थांबलेली दिसते तेव्हाही चाललेली असते.

मशीन माझ्या दुकानात काउंटरवरच आहे. झाकण काढून ठेवलंय, आतली चाकं दिसतात. ज्याला अजून वाटतं की माताजीच फिरवते, त्याने यावं. स्टूल देतो, घड्याळ देतो. बटण मोहनाने दाबलं तेच आहे.