शाळेच्या सुट्टीत फेऱ्या बंद

कायद्यापुढे सगळे समान असतात. वकीलबाईंच्या टेबलापुढे मात्र धड खुर्ची एकच होती आणि ती बायकोने धरली होती. नवरा डगमगत्या स्टुलावर टेकला आणि पिशवीतून स्वतः लिहिलेला करारनामा काढून त्याने टेबलावर ठेवला.

वकीलबाई त्याच्या होत्या. त्यांना शोधून काढलं होतं बायकोने. तिचे वकील वेगळे होते, आणि असला उपद्व्याप करू नका असं त्यांनी तिला दोनदा बजावलं होतं.

"घटस्फोट राजीखुशीने होतोय," नवरा म्हणाला. "भांडण नाही, तंटा नाही. मग वकील कशाला? बावीस वर्षं मी बसचं वेळापत्रक करतोय. त्यावर अख्खं शहर चालतं."

"निम्मं शहर चालतच जातं," बायको म्हणाली.

करार खरोखरच वेळापत्रकासारखा आखलेला होता. अकरा वर्षांची मुलगी आईकडे राहणार. बाबाकडे शनिवारी ९.४० ला आगमन, रविवारी १८.१५ ला प्रस्थान. दप्तर, चष्मा आणि सर्दीचं औषध यांना वेगळे रकाने होते. वकीलबाई मान डोलवत वाचत गेल्या. शेवटच्या पानाच्या तळाशी, बारीक अक्षरातल्या टिपेवर त्यांची पेन्सिल थांबली.

"हे तुम्हीच लिहिलंत? 'शाळेच्या सुट्टीत फेऱ्या बंद'?"

नवरा ओशाळं हसला. "ती टीप आमच्या बसच्या वेळापत्रकात प्रत्येक पानाखाली असते. हाताला सवय झालीय."

"न्यायाधीशांना तुमच्या हाताची सवय नाही. यावर सही झाली की उन्हाळ्याचे दोन महिने आणि बाकीच्या सगळ्या सुट्ट्या मुलगी तुमच्याकडे येणार नाही. ती अठराची होईपर्यंत."

त्याने कागद ओढून घेतला. चष्मा कपाळावर सरकवला, परत खाली आणला. टीप जागची हलली नाही.

"तू वाचलं होतंस हे?"

"तीनदा."

"मग बोलायचं नाहीस का?"

"मला वाटलं, तुलाच सुट्टी हवीय." बायकोने पर्सची चेन उघडली, पुन्हा लावली. "विचारायचा धीर होईना. म्हटलं, तुझ्या बाजूचं कुणीतरी विचारू दे."

वकीलबाईंनी हे टिपून घेतलं नाही. त्यांनी टीप खोडली आणि शेजारी लिहिलं : सर्व सुट्ट्या निम्म्या-निम्म्या, पहिला अर्धा भाग वडिलांकडे.

"आता सांगा, मुलीची ने-आण कोण करणार?"

"मी," दोघं एकदम म्हणाले. घटस्फोट धरला तर लग्नानंतर त्यांचं एकमत होण्याची ही दुसरी वेळ होती.

उन्हाळ्याच्या सुट्टीच्या पहिल्या दिवशी सकाळी आठ वाजता तो बायकोच्या दारात हजर झाला. मुलगी साडेदहापर्यंत उठली नाही.